वाचक विचारतात: नेपाळच्या पोरांनी सरकार पाडलं, पुढे काय?

मागे नेपाळबद्दल चारच ओळी लिहिल्या होत्या आणि म्हटलं झालं, विषय शिळा होईल. पण ठाणे आणि नवी मुंबईतून अजून प्रश्न येतायत, आणि त्यात नवल नाही म्हणा, कारण सोसायटीच्या गेटवर, मोमोच्या गाडीवर, हॉटेलच्या किचनमध्ये नेपाळ आपल्याला रोज भेटतो. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

फेसबुक-इन्स्टा बंद केलं म्हणून सरकार पडलं असं आमच्या ग्रुपवर सगळे म्हणतात. एवढ्याशा कारणाने खरंच सरकार पडतं?
– एक विद्यार्थिनी, नेरूळ

नाही गं, एवढ्याने नाही पडत. बंदी हे निमित्त. ४ सप्टेंबर २०२५ ला पंतप्रधान के. पी. शर्मा ओलींच्या सरकारने २६ ॲप बंद केली, फेसबुक, इन्स्टा, यूट्यूब, व्हॉट्सॲप, एक्स सगळं त्यात आलं. कारण काय दिलं, तर या कंपन्यांनी नेपाळमध्ये नोंदणी केली नाही, सात दिवसांची मुदत दिली होती ती संपली. कागदावर बघशील तर हे अगदीच हवेतलं नव्हतं, नोंदणी करून घ्या असं तिथल्या सुप्रीम कोर्टानेही म्हटलं होतं. टिकटॉकने आधीच नोंदणी केलेली म्हणून ते चालू राहिलं, आणि मग पोरांनी पुढची बरीचशी जमवाजमव तिथूनच केली.

पण वेळ बघ ना. त्याआधीचे काही दिवस तिथे 'नेपो किड्स' नावाचा ट्रेंड चालला होता. मंत्र्यांची, पुढाऱ्यांची पोरं परदेशात फिरतायत, महागडी घड्याळं, पर्सेस, एका प्रांतीय मंत्र्याच्या मुलाने तर लुई व्हिटाँ, कार्टिए असल्या ब्रँडच्या खोक्यांचा ख्रिसमस ट्री करून फोटो टाकलेला, आणि त्याच्या शेजारी लोक कसले फोटो लावत होते, तर आखातातून शवपेट्या येतात त्याचे, एअरपोर्टवर बॅगा घेऊन रांगेत उभ्या असलेल्या पोरांचे. अशा वेळी सरकारने ॲप बंद केली. म्हणजे लोकांनी अर्थ लावला तो सरळ होता की आमचं तोंड बंद करतायत.

आणि अजून एक गोष्ट, जी आपल्या टीव्हीवाल्यांनी फार सांगितली नाही. नेपाळच्या एकूण उत्पन्नाच्या पाव भागाहून जास्त पैसा बाहेर कामाला गेलेले लोक पाठवतात. कतार, मलेशिया, सौदी, दुबई आणि अर्थात आपल्याकडे. वर्षाला लाखांनी माणसं देश सोडतात. घरातला कमावता माणूस बाहेर, आणि त्याच्याशी बोलायचं साधन म्हणजे व्हॉट्सॲप आणि मेसेंजर. तुझ्या ग्रुपवर 'इन्स्टा बंद केलं' म्हणतात ते रील्स डोक्यात ठेवून. तिथे आईचं मुलाशी बोलणं बंद झालं होतं.

८ सप्टेंबरला, सोमवारी, काठमांडूच्या माइतीघरला पोरं जमली, कितीतरी जण कॉलेजच्या युनिफॉर्ममध्ये, आणि तिथून नया बानेश्वरच्या संसद भवनाकडे निघाली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्या एका दिवसात १९ जण गेले. गृहमंत्र्यांनी संध्याकाळी राजीनामा दिला, रात्री बंदी उठवली. तेव्हा प्रश्न बंदीचा राहिलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी ओली गेले.

आमचा वॉचमन सुदूर पश्चिमेकडचा, अछामचा आहे. त्याला विचारलं तर म्हणतो "अच्छा हुआ, सब चोर थे". पण नेमकं चोरलं काय, ते त्याला सांगता येत नाही. तिथला भ्रष्टाचार म्हणजे नक्की कसला?
– सोसायटीच्या सेक्रेटरी, ऐरोली

ताई, त्याला सांगता येत नाही कारण त्याला एक प्रकरण दिसत नाही, त्याला आख्खं आयुष्य तसं दिसतं. अछाम, डोटी, बझांग या भागातले बाप्ये पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत येतायत, आजोबा आला, बाप आला, आता हा. आपल्याकडे यायला पासपोर्ट-व्हिसा लागत नाही, १९५० चा करार आहे, म्हणून जो सगळ्यात गरीब तो भारतात येतो, ज्याच्याकडे थोडे पैसे जमतात किंवा कर्ज मिळतं तो आखातात जातो. आणि आखातात जायचं तर मॅनपॉवर एजंट. २०१५ पासून तिथे नियम आहे की व्हिसा आणि तिकीट मालकाने द्यायचं, एजंटने फार तर १० हजार नेपाळी रुपये घ्यायचे. प्रत्यक्षात लोक लाखाच्या वर मोजतात आणि पावती १० हजाराची घेतात. हे सगळ्यांना माहीत असतं, खात्यालाही.

आता मोठी प्रकरणं. मला स्वतःला सगळ्यात भयानक वाटतं ते भूतानी निर्वासितांचं. १९९० च्या दशकात भूतानने आपल्या नेपाळी भाषिक लोकांना हाकललं, ते नेपाळच्या कॅम्पमध्ये राहिले, मग त्यातले लाखाहून जास्त अमेरिका वगैरे देशांनी घेतले. ती योजना संपली. तर काही महाभागांनी काय केलं, तर नेपाळच्याच नागरिकांकडून लाखो रुपये घेतले आणि सांगितलं, तुम्हाला खोटे भूतानी निर्वासित बनवून अमेरिकेला पाठवतो. म्हणजे आपल्याच देशाच्या माणसाला निर्वासित बनवायचं, आणि त्याचे पैसे त्याच्याकडूनच घ्यायचे. २०२३ मध्ये हे बाहेर आलं तेव्हा एक माजी उपपंतप्रधान आणि एक माजी गृहमंत्री आत गेले. दोन वेगवेगळ्या पक्षांचे, हे विशेष.

मग पोखराचा विमानतळ. चिनी कर्ज काढून बांधला, २१ कोटी डॉलरच्या वर कंत्राट, १ जानेवारी २०२३ ला उद्घाटन, नावाला आंतरराष्ट्रीय, आणि नियमित परदेशी विमानं जवळजवळ नाहीतच. कर्जाचे हप्ते मात्र नियमित. आणि तिसरं आपल्याला फारच ओळखीचं, सहकारी संस्थांचे घोटाळे. पतसंस्थेसारख्या संस्था, चार टक्के जास्त व्याज देतो म्हणून लोकांनी ठेवी ठेवल्या, संचालकांनी उडवल्या. ऐरोली-ठाण्यात बँकेच्या शटरबाहेर रांगेत उभं राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

तर तुमचा वॉचमन बरोबर आहे. "सब" हा शब्द महत्त्वाचा. ओली, देउबा आणि प्रचंड, तीन पक्षांचे तीन म्हातारे, आलटून पालटून खुर्चीवर. २००८ साली राजेशाही गेली तेव्हापासून चौदा सरकारं झाली, एकानेही पाच वर्षं काढली नाहीत. आज ज्याच्यावर आरोप करायचा तो उद्या आपल्याच सरकारात पार्टनर. मग चौकशी करणार कोण?

आम्ही ७४-७५ सालचं जयप्रकाशांचं आंदोलन तरुणपणी जवळून पाहिलं. संसद, कोर्ट, हॉटेलं जाळणाऱ्यांना तुम्ही क्रांतिकारक म्हणणार का?
– एक ज्येष्ठ नागरिक, नौपाडा, ठाणे

काका, नाही म्हणणार. पण ८ तारखेच्या पोरांना आणि ९ तारखेच्या जमावाला एकाच पोत्यात नका घालू. पहिल्या दिवशी हातात फलक होते, ॲनिमेतला, म्हणजे जपानी कार्टूनमधला, तो गवती टोपीवाला कवटीचा झेंडा होता, आणि मेले ते विद्यार्थी. दुसऱ्या दिवशी कर्फ्यू मोडून जे रस्त्यावर आलं त्यात कोण कोण होतं हे तपासायला चौकशी आयोग नेमावा लागला. सिंहदरबार जळाला, म्हणजे आपलं मंत्रालयच समजा. संसद जळाली, सुप्रीम कोर्ट जळालं. कांतिपूर या सगळ्यात मोठ्या मीडिया हाऊसची बिल्डिंग, हिल्टन हॉटेल, भाटभटेनी नावाची सुपरमार्केटची चेन. देउबा आणि त्यांच्या पत्नी, ज्या परराष्ट्रमंत्री होत्या, त्यांना घरात घुसून रक्तबंबाळ केलं. तुरुंग फुटून १३ हजारांच्या वर कैदी पळाले. सगळं मिळून मृतांचा आकडा सत्तरच्या वर गेला.

मला यातलं सगळ्यात जास्त काय खुपतं सांगू का, कोर्टातल्या फायली. हजारो केसेसचे कागद राख झाले. आता ज्या लोकांना चोर म्हणून हाकललं त्यांच्यावर केस उभी करायची तर कागद लागतो. कोणत्या टेंडरवर कोणाची सही, कोणत्या तारखेला कोणी शेरा मारला. चोराला शिव्या घालायला कागद लागत नाही, आत टाकायला लागतो. पोरांच्या रागावर माझा आक्षेप नाही, ज्याच्या वर्गातला मुलगा गोळी लागून मेला त्याला मी घरी बसून शांतता शिकवणार नाही. पण कोर्टाला आग लावणाऱ्याने भ्रष्ट मंत्र्यावर उपकारच केले, हे मी म्हणणार.

सैन्याने सत्ता का घेतली नाही? आणि ऑनलाइन मतदान करून पंतप्रधान निवडला हे खरं का?
– वाचक, खारघर

अर्धं खरं. ९ तारखेच्या रात्री सैन्य रस्त्यावर आलं, सगळं ताब्यात घेतलं, विमानतळसुद्धा. सेनाप्रमुख अशोकराज सिग्देल यांना तेव्हा हवं असतं तर बसता आलं असतं असं म्हणायला जागा आहे, पण त्यांनी पोरांना मुख्यालयात बोलावलं आणि विचारलं, तुमचं नाव सांगा. नाव कोणाचं सांगायचं हेच ठरलं नव्हतं! नेता नसलेलं आंदोलन म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं, पण बोलणी करायला कोणीतरी लागतंच की. मग डिस्कॉर्डवर, जे खरं तर गेम खेळणाऱ्यांचं चॅट ॲप, एका सर्व्हरवर लाखाहून जास्त जण जमून चर्चा आणि पोल घेत बसले. त्यात सुशीला कार्कींचं नाव पुढे आलं. काठमांडूचे तेव्हाचे महापौर बालेन शाह यांचंही नाव चाललं होतं, त्यांनीही कार्कींना पाठिंबा दिला. पण नेमणूक केली राष्ट्रपती रामचंद्र पौडेल यांनी, १२ सप्टेंबरला रात्री, आणि त्याच रात्री संसद बरखास्त. डिस्कॉर्डने सुचवलं, सही राष्ट्रपतींची.

कार्की या नेपाळच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश, २०१६-१७ मधल्या, शिकल्या बनारस हिंदू विद्यापीठात. भ्रष्टाचाराच्या केसेसमध्ये कडक म्हणून नाव, आणि २०१७ मध्ये तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांनी त्यांच्यावरच महाभियोग आणला होता. आता घटनेप्रमाणे बघायचं तर पंतप्रधान संसदेचा सदस्य लागतो, त्या नव्हत्या, त्यामुळे वकील मंडळींची कुरकुर झालीच, आणि ती अगदी खोटी नव्हती. तरी राष्ट्रपती जागेवर राहिले, निवडणुकीची तारीख त्याच वेळी जाहीर झाली, ५ मार्च २०२६.

कार्कींनी एक माणूस मंत्री केला तो मला फार आवडला, कुलमान घिसिंग. नेपाळमध्ये दिवसाला १८-१८ तास लोडशेडिंग असायचं, या इंजिनियरने वीज मंडळाचा कारभार हातात घेऊन ते बंद केलं. त्याला ओली सरकारने मार्च २०२५ मध्ये मुदत संपायच्या आधीच काढलं होतं. लोक का चिडले ते यावरून कळावं.

यामागे परदेशी हात आहे असं व्हॉट्सॲपवर रोज येतंय. अमेरिका की चीन?
– वाचक, कळवा

पोखरा विमानतळाचं कर्ज चीनचं, पण कंत्राटावर सह्या नेपाळच्याच माणसांच्या. परदेशी हात शोधणाऱ्यांनी आधी स्थानिक हात मोजावेत. ज्या घरातला कमावता पोरगा देश सोडायला विमानतळावर जातो त्या घराला चिडायला अमेरिकेने शिकवावं लागत नाही. पुढचा प्रश्न.

श्रीलंका, बांगलादेश, नेपाळ, आता मादागास्कर. सगळीकडे पोरं रस्त्यावर येतात, राजवाडा घेतात, सेल्फी काढतात. पण वर्षभराने बघावं तर महागाई तीच आणि लाचही तीच. मग उपयोग काय?
– निवृत्त बँक कर्मचारी, वाशी

साहेब, हाच खरा प्रश्न. तुम्ही सोसायटीत राहता ना, मग तुम्हाला पटेल. एजीएममध्ये आरडाओरडा करून जुनी कमिटी पाडायला एक संध्याकाळ पुरते. मग रजिस्ट्रार प्रशासक नेमतो, आणि दुसऱ्या दिवशी कळतं की व्हाउचरची फाइल जुन्या खजिनदाराच्या घरी आहे, सिंकिंग फंडाची एफडी मोडलेली आहे, आणि कॉन्ट्रॅक्टर तोच आहे, कारण लिफ्टची चावी त्याच्याकडे. कार्की म्हणजे असा प्रशासक. सहा महिन्यांची मुदत, आणि कपाट तर जळलेलं.

आता देश बघा. श्रीलंकेत एप्रिल २०२२ मध्ये कर्जफेड थांबली, गॅस नाही, पेट्रोल नाही, लोक ९ जुलैला राष्ट्रपती भवनात घुसले आणि स्विमिंग पूलमध्ये पोहले, गोटाबाया राजपक्षे मालदीवमार्गे सिंगापूरला पळाले. आणि मग खुर्चीवर कोण बसलं? रानिल विक्रमसिंघे, जे सहा वेळा पंतप्रधान झालेले, आणि त्यांना निवडलं राजपक्षेंच्याच पक्षाच्या खासदारांनी. तेव्हा तुमच्यासारखेच सगळे म्हणाले, झालं, पाण्यात गेलं. पण २०२४ मध्ये मतदान झालं, अनुरा कुमारा दिसानायके निवडून आले, ज्यांच्या आघाडीकडे आधीच्या संसदेत तीन खासदार होते त्यांना नोव्हेंबरमध्ये २२५ पैकी १५९ जागा. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये रानिल यांना अटक झाली, सरकारी पैशाने खासगी लंडन दौरा केल्याच्या आरोपावरून. महागाईने कंबरडं मोडलं ते खरं, कर भरमसाट वाढले तेही खरं, पण माजी राष्ट्राध्यक्षाला तिकिटाच्या हिशोबावरून पोलिसांनी बोलावणं हे त्या देशात आधी झालं नव्हतं.

बांगलादेशचं अवघड आहे. ५ ऑगस्ट २०२४ ला शेख हसीना दिल्लीला आल्या, युनूस यांचं हंगामी सरकार आलं, आणि निवडणूक लागायला दीड वर्ष गेलं, १२ फेब्रुवारी २०२६ उजाडली. मधल्या काळात हिंदूंची घरं, देवळं फोडली, जुना पक्ष बंद केला, हसीनांना त्यांच्या गैरहजेरीत फाशीची शिक्षा सुनावली. प्रशासक फार दिवस राहिला की तो पण एक पार्टी होतो. मादागास्कर तर अजून वाईट, पाणी आणि वीज मागायला पोरं सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेर पडली, ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष रजोएलिना पळाले आणि लष्कराच्या ज्या तुकडीने खुर्ची घेतली ती तीच, जिने २००९ मध्ये रजोएलिनांना खुर्चीवर बसवायला मदत केली होती. पोरांच्या हातात काय आलं, एक कर्नल. आणि फिलिपिन्स विसरू नका, १९८६ ला लाखो लोकांनी रस्त्यावर बसून हुकूमशहा मार्कोसला पळवलं, २०२२ ला त्यांचाच मुलगा चांगल्या मतांनी अध्यक्ष झाला.

माझं म्हणणं एवढंच की किती लोक रस्त्यावर आले यावरून काही ठरत नाही. दोन गोष्टी बघायच्या. निवडणूक किती लवकर होते, आणि जुन्या व्यवहारांच्या केसेस कोर्टात उभ्या राहतात का. नेपाळमध्ये पहिलीची तारीख लगेच लागली. दुसरीचं म्हणाल तर डिसेंबर २०२५ मध्ये तिथल्या अख्तियार आयोगाने, म्हणजे त्यांचं लाचलुचपतवाल्यांचं खातं, पोखरा विमानतळ प्रकरणात ५५ जणांवर केस टाकली, त्यात माजी मंत्रीही आहेत, आणि शिवाय चिनी कंपनीवरही. टीव्हीवर ही बातमी अर्धा मिनिट पण नव्हती. आग लागली तेव्हा चार दिवस लाइव्ह होतं.

आपल्याकडे असं होईल का?
– हा प्रश्न ठाणे, कोपरखैरणे, पनवेल, सगळीकडून

नाही होणार, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीये. नेपाळमध्ये एक राजधानी, एक खोरं, तिथे सरकार पडलं की देशाचं पडलं. आपल्याकडे राग वाटला जातो, कोणाचा महापालिकेवर, कोणाचा राज्यावर, कोणाचा दिल्लीवर, आणि दर वर्षी कुठे ना कुठे निवडणूक असतेच, तिथे तो निघून जातो. २०११ मध्ये अण्णांच्या वेळी वाटलं होतं काहीतरी मोठं होतंय, ऑगस्टमध्ये रामलीला मैदान भरलं, आणि डिसेंबरमध्ये आपल्याच बीकेसीत उपोषण ठेवलं तर मैदान रिकामं.

पण कोपरखैरणेच्या वाचकाला मी उलटा प्रश्न विचारतो. नवी मुंबई महापालिकेत मे २०२० पासून नगरसेवक नव्हते, प्रशासक होता. ठाण्यात मार्च २०२२ पासून. हजारो कोटींची बजेटं, टेंडरं, रस्ते, पाणी, सगळं लोकांनी निवडून दिलेल्या एकाही माणसाच्या हाताखालून न जाता पास झालं, नवी मुंबईत पाच-साडेपाच वर्षं, ठाण्यात जवळपास चार. कोण रस्त्यावर आलं? मीही नाही आलो. शेवटी १५ जानेवारी २०२६ ला मतदान लागलं, गुरुवार होता, आणि मला आधीच दोघांनी विचारलं की शुक्रवार टाकला तर चार दिवस अलिबाग होईल का. नेपाळची पोरं निवडणूक मिळावी म्हणून मेली असं नाही म्हणणार मी, पण निदान ती मिळाल्यावर नावं नोंदवायला त्यांनी रांगा लावल्या.

आमचे दोन्ही वॉचमन मार्च २०२६ मध्ये मतदानाला गावी जायचं म्हणून सुट्टी मागतायत. एकाच वेळी दोघांना सोडायचं का? त्यांना इथूनच मत देता येत नाही का?
– कमिटी मेंबर, घणसोली

इथून नाही देता येत. परदेशातल्या नेपाळी लोकांना मतदानाची सोय करा असं त्यांच्या सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच सांगितलंय, अजून झालेली नाही, म्हणजे ज्यांच्या पैशावर देश चालतो त्यांनाच मत नाही. दोघांना सोडा. पण आधी नाव यादीत आहे का ते त्यांना गावी फोन करून बघायला सांगा, उगाच वारी नको. आणि तारखा नीट धरा, २०२२ च्या निवडणुकीत मतदानाआधी सीमा ७२ तास बंद ठेवली होती आणि मतदानाच्या दिवशी तिकडे गाड्या चालत नाहीत. तेव्हा ५ तारखेला मत द्यायचं तर २८ फेब्रुवारीपर्यंत बनबसा नाहीतर गौरीफंटाची सीमा ओलांडायला हवी, त्यापुढे डोंगरातला बसचा प्रवास वेगळाच. म्हणजे कुर्ल्याहून लखनौ किंवा बरेलीकडची गाडी २५-२६ तारखेची धरा, होळी तोंडावर असल्याने यूपीच्या गाड्या तेव्हा फुल असतात, रिझर्व्हेशन आत्ताच काढून ठेवा. येताना सीमा कधी उघडते ते बघून परतीचं काढायला सांगा. बदली माणूस एजन्सीकडून १५ दिवसांसाठी घ्या, महिन्याचं कॉन्ट्रॅक्ट गळ्यात मारायला बघतील, घेऊ नका.